गेममधला गूढ डोंगर: उत्तर जीएमला माहीत असायलाच हवं का?

वीसकोनी:
दर रविवारी मुलुंडला एका मित्राच्या हॉलमध्ये आम्ही पाच जण टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळतो, म्हणजे एक जण गोष्ट आणि जग रचतो, बाकीचे त्यातली पात्रं होऊन काय करतो ते सांगतात, आणि ते जमलं का हे फासा ठरवतो. चार प्लेयर आणि जीएम, म्हणजे गेम मास्टर, गोष्ट रचणारा, मी. नवीन कॅम्पेनसाठी, म्हणजे बरेच रविवार चालणाऱ्या गोष्टीसाठी, डोंगर बनवला, नाव मूकगड. शापित राजा, काळे ढग, कवट्या, सगळा मालमसाला घालून दोन पानं लोर, म्हणजे डोंगराच्या दंतकथा, लिहिलं. आणि चढायला सुरुवात केल्या केल्या आमच्या डोंबिवलीकराने विचारलं काय, तर "वर पाणी आहे का?" माझी बोलती बंद. शापावर दोन पानं आणि पाण्यावर एक ओळ नाही. तो दर पावसाळ्यात ट्रेक करणारा माणूस, त्याला तेच सुचणार ना. वेळ मारून न्यायला म्हटलं सात टाकी आहेत, कातळात खोदलेली, सहांमधलं पाणी हात बधिर होईल इतकं गार आणि सातव्यातलं कोमट. कोमट का म्हणालो मलाच माहीत नाही. पण पुढचे दोन तास चौघं त्या टाक्यापाशी ठाण मांडून, शापित राजाला कोणी विचारलंसुद्धा नाही.

तर आता माझं मत असं झालंय की डोंगर आधी खराखुरा पाहिजे, वाट कुठून, पाणी कुठे, रात्री झोपणार कुठे, आणि मग त्यात एकच गोष्ट न बसणारी ठेवायची. ती का तशी आहे हे जीएमला माहीत नसलं तरी चालतं. बोला.

सरळसोट:
नाही चालत. तू रहस्य नाही बनवलंस, थाप मारलीस आणि ती पचली. प्लेयर दोन तास डोकं खाजवतात ते या भरवशावर की पडद्यामागे काहीतरी आहे. उद्या कोणीतरी टाक्यात दोर सोडेल, तेव्हा काय सांगशील, परत थाप? आणि कोमट पाण्यात एवढं काय आहे, वज्रेश्वरीला जाऊन ये, गरम पाण्याची कुंडं आहेत, लोक खुशाल आंघोळ करून येतात.

माहुलीवाला:
सरळसोट, वज्रेश्वरीची कुंडं तानसा नदीकाठी, खाली. तिथे जमिनीच्या भेगांमधून खोलवर तापलेलं पाणी वर येतं. गडावरचं टाकं म्हणजे पावसाचं नि झिरपलेलं पाणी साठवायची जागा, तीही डोंगराच्या माथ्यावर. तिथे कोमट पाणी लागलं तर मी तरी ते पिणार नाही. म्हणजे ज्याला डोंगर कळतो त्यालाच ते विचित्र वाटतं, वीसकोनीचा मुद्दा तिथे बरोबर आहे.

पण उत्तर माहीत नसलं तरी चालतं हे मला नाही पटत. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सकाळी पाठीशी ऊन आणि समोर दरीत धुकं असलं की इंद्रवज्र दिसतं, गोल रंगीत कडं आणि मधोमध आपलीच सावली. मी पाहिलंय. शेजारी दहा जण उभे असले तरी प्रत्येकाला कडं फक्त स्वतःच्या डोक्याभोवती दिसतं. पाण्याच्या बारीक थेंबांमुळे होतं, मला पाठ आहे, तरी अंगावर काटा आला तो आलाच. कारण माहीत असल्याने गूढ मरत नाही रे. गेममध्ये घाल की, चौघं कड्यावर उभे, प्रत्येकाला आपापलं कडं दिसतंय, आणि एकाच्या कड्यात सावलीच नाही.

नवखी:
सॉरी पण मला हे सह्याद्री सह्याद्री जाम बोअर होतं. आठवडाभर कल्याण लोकलला लटकायचं आणि रविवारी गेममध्ये पण टाकी मोजायची? मग ट्रेकलाच जाते ना. मला हवेत उलटा लटकलेला डोंगर पाहिजे, शिखर खाली.

वीसकोनी:
कर ना उलटा, कोण नको म्हणतंय. फक्त त्याच्यावर पडलेला पाऊस जातो कुठे एवढं सांग. नाणेघाटात पावसाळ्यात खालून वारा असा येतो की धबधबा उलटा वर उडतो, तोंडावर पाणी बसल्याशिवाय खोटं वाटतं. तुझ्या डोंगराला तसलं काहीतरी एक दे, मी येतो खेळायला.

मला हरिश्चंद्रगडावरची केदारेश्वराची गुहा पण गेममध्ये घ्यायची होती. कमरेएवढं बर्फासारखं पाणी, मध्ये पिंड, चार खांबांपैकी एकच शाबूत, आणि तो पडला की कलियुग संपणार असं लोक सांगतात. याच्यापेक्षा भारी सीन मी जन्मात लिहू शकत नाही.

माहुलीवाला:
ते नको. लोक पाण्यात उतरून तिथे हात जोडतात, आणि तुमचा एखादा येडा म्हणणार मी खांबाला कुऱ्हाड मारतो. नाणेघाटातला दगडी रांजण घे त्यापेक्षा, जकातीचा म्हणतात तो. पायथ्याशी रांजण, वर जाणाऱ्याने काहीतरी टाकायचं. गाव ओसाड पडलाय, तरी रोज सकाळी रांजण रिकामा.

सरळसोट:
हे चांगलंय. पण परत तेच, कोण रिकामा करतं? ठरव आणि कागदावर लिही. आणि एक, सुगावा फाशावर सोडू नकोस. वीस बाजूंच्या फाशावर सुगावा सापडायला पंधरा किंवा वर लागणार असेल तर एकट्याला 30 टक्के चान्स. चौघांनी टाकला तरी 24 टक्के वेळा कोणालाच काही सापडत नाही आणि अख्खा रविवार रांजणाकडे बघत वडापाव खाण्यात जातो. पाणी कोमट आहे हे हात घातला की कळलंच पाहिजे. फासा टाकायचा तो पुढे, पळताना.

वीसकोनी:
फाशाचं मान्य, मी पण टाकायला लावला नव्हता. उत्तराचं अजून नाही. मी तीन कारणं लिहून ठेवलीत, प्लेयर ज्याच्या जवळ जातील ते खरं.

सरळसोट:
म्हणजे ते काहीही बोलले तरी बरोबरच! याला रहस्य नाही म्हणत, याला लाड करणं म्हणतात. मी त्या टेबलावर असतो आणि मला हे नंतर कळलं असतं तर उठून गेलो असतो.

नवखी:
मला तर कधीच कळू नये असं वाटतं 😅 पण ते जाऊदे, सातव्यातलं पाणी शेवटी प्यायलं का कोणी?

वीसकोनी:
डोंबिवलीकराने. बाटलीसुद्धा भरून घेतली. म्हणाला गडावरून रिकाम्या बाटलीने उतरायचं नसतं. आता मला या रविवारच्या आत ठरवायला लागणार, सरळसोट, हसू नकोस.