मदत हवी आहे: भाच्याला आधी 'द हॉबिट' वाचून दाखवू की सिनेमाला नेऊ?

मंडळी, १४ डिसेंबर २०१२ला 'द हॉबिट' सिनेमाचा पहिला भाग येतोय आणि माझं मन काही थाऱ्यावर नाही. १९३७चं टॉल्किनचं पुस्तक, जेमतेम तीनशे पानांचं, आणि त्याचे तीन सिनेमे? पाणी घालून वाढवलेल्या आमटीसारखं नको व्हायला. पण दिग्दर्शक 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला पीटर जॅक्सनच आहे, म्हणून आशाही सुटत नाही.

खरा प्रश्न भाच्याचा. फोंड्याला रोज रात्री जेवणं आटोपली की मी त्याला हे पुस्तक मराठीत सांगत सांगत वाचते. काल अंधाऱ्या गुहेतल्या कोड्यांपर्यंत आलो. मी त्या गुहेतल्या विचित्र प्राण्याचा, गॉलमचा, आवाज काढला की तो चादर नाकापर्यंत ओढून घेतो आणि म्हणतो, "मावशी, थांबू नको." त्याच्या मनातला हा गॉलम पडद्यावरच्या गॉलमपुढे टिकेल का?

तुम्ही काय कराल? पुस्तक आधी संपवू? आठ वर्षांचा आहे, घाबरेल का? आणि सिनेमा सेकंदाला २४ऐवजी ४८ फ्रेम्सनी (म्हणजे चित्रांनी) चित्रित केलाय. पणजीत तसा दाखवणार आहेत का, माहीत असेल तर कृपया सांगा. तिकिटं काढायची आहेत.