जुना जेसीबी घेतलाय, सकाळी चावी मारायच्या आधी नक्की काय काय बघायचं?

सांगोलेकर_शेतकरी:
नमस्कार मंडळी, आम्ही दोघा भावांनी मिळून गेल्या महिन्यात जेसीबीचा थ्रीडीएक्स मॉडेल घेतला, सेकंडहँड, मीटरला 6200 तास दाखवतोय. शेततळी, बांध, पाइपलाइनच्या चाऱ्या अशी कामं मिळतात. ऑपरेटर गावातलाच आहे, हात चांगलाय त्याचा, पण सकाळी येतो, दार उघडतो, चावी मारतो आणि निघतो. मी म्हटलं अरे निदान ऑइल तरी बघ, तर म्हणतो दादा काल चालत होती ना मग आज काय होणारे. परवा तर बूमच्या (मागच्या मोठ्या हाताच्या) होजमधून, म्हणजे तेलाच्या रबरी पाइपातून, बारीक तेल उडत होतं आणि हा इंजिन चालू ठेवून पाइपावर हात फिरवत होता, कुठून येतंय बघायला. मला ते बघून कसंतरीच झालं. मला ट्रॅक्टर आणि विहिरीवरची मोटर एवढंच कळतं, म्हणून विचारतोय की रोज काय बघायचं आणि त्याला वेळ किती लागतो, कारण पार्टी ताशी भाड्याने बोलावते आणि उशीर झाला की कटकट करते.

फिटर_22वर्षं:
बाकीचं नंतर, आधी त्या हाताचं सांगतो. त्याला आजच सांगा की परत असं कधी करायचं नाही. त्या पाइपात 200 बारच्या वर प्रेशर असतं, तुमच्या कारच्या टायरच्या जवळपास शंभरपट. सुईएवढं भोक पडलं तरी त्यातनं येणारं तेल कातडी फोडून आत घुसतं, हातमोजा असला तरी. आणि घोटाळा असा की वरून फक्त टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखत पण नाही फारसं, म्हणून माणूस कामाला लागतो, आणि तोवर आतलं मांस खराब व्हायला लागतं. आमच्या वर्कशॉपमधल्या एका पोराचं बोट असंच गेलं, दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेला, उशीर झाला होता. असं काही झालं तर तासाभरात मोठ्या हॉस्पिटलला, आणि डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की हायड्रॉलिक ऑइल प्रेशरने आत गेलंय, नाहीतर ते मलमपट्टी करून घरी पाठवतील. लीकेज शोधायचं तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरायचा, चष्मा लावायचा. आणि नट सैल करायच्या आधी बकेट जमिनीवर, इंजिन बंद, मग सगळे लिव्हर दोनचारदा मागेपुढे करून प्रेशर सोडायचं.

लिव्हरवाला_अण्णा:
फिटरदादांशी शंभर टक्के सहमत. मी 17 वर्षं चालवतोय, माझी सवय सांगतो. चावी खिशातच ठेवायची आणि आधी मशीनला एक पूर्ण फेरी मारायची. सगळ्यात पहिलं वाकून खाली बघायचं, कारण उन्हाळ्यात सावलीला मशीनखाली माणसं झोपतात, कधी हेल्पर, कधी शेजारच्या वस्तीवरचं पोर. मी स्वतः एकदा मागच्या टायरला टेकून झोपलेल्या म्हाताऱ्याला उठवलंय, त्या दिवशी तसाच चढलो असतो तर... नको ते.

मग जमिनीवर तेलाचा डाग आहे का आणि कुठल्या जागी आहे, त्यावरून कळतं काय गळतंय. व्हील नटपासून गंजाची रेघ खाली आलेली दिसली की नट सैल आहे समजायचं. पिना आणि पिनेचे लॉक बोल्ट, बकेटचे दात, बूमच्या वेल्डिंगवर रंगात केसासारखी तडा, होज कुठे घासून आतली तार दिसतेय का. इंजिन ऑइल, कूलंट, हायड्रॉलिकची लेव्हल सपाट जागेवर आणि थंड असतानाच. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. तेल दुधासारखं पांढरट दिसलं की पाणी मिसळलंय, त्या दिवशी मशीन चालू करायचीच नाही. पायरीवरचा चिखल खरवडायचा, आमच्याकडच्या काळ्या मातीत पाय घसरून पडणारे कमी नाहीत, आणि उतरताना तोंड मशीनकडे.

आणखी एक, जे भलेभले विसरतात. थ्रीडीएक्सला डाव्या उजव्या चाकाचे ब्रेक पेडल वेगळे असतात, रोडला जायच्या आधी दोन्हींची पट्टी जोडलीय का बघायचं. नाही जोडली आणि जोरात एकच दाबला गेला की मशीन एका बाजूला खेचते. आणि मागचा बूम लॉक केलाय ना, जॅक, म्हणजे मागचे आधाराचे पाय, पूर्ण वर आहेत ना.

सगळं मिळून 10 ते 15 मिनिटं. सवय झाली की हात आपोआप चालतो.

माळावरचा_गडी:
एवढं सगळं जुन्या मशीनला कुठं जमतंय भाऊ, जुनी म्हटल्यावर कुठं ना कुठं तेल गळणारच, प्रत्येक थेंबाला काम बंद ठेवलं तर हप्ता कोण भरणार

फिटर_22वर्षं:
हप्त्याचं टेन्शन मला पण कळतं, पण थेंबाथेंबात फरक आहे. सिलिंडरच्या सीलमधून दिवसाला चार थेंब पडतायत, ते लिहून ठेवा आणि पावसाळ्याआधी सील बदला. पण ब्रेक मऊ लागतोय, स्टिअरिंग जड झालंय, पिन बाहेर आलीय, होजची तार दिसतेय, यातलं एक जरी असलं तरी मशीन हलवायची नाही. होज बदलायला अर्धा दिवस जातो, फुटली तर भरलेला बकेट खाली येतो आणि तिथं कोण उभं असेल सांगता येत नाही.

साइटवाली_ताई:
मी बांधकाम साइटवर सेफ्टी बघते. आमच्याकडे रोज चेकलिस्ट असते, पण खरं सांगते, कित्येक ठिकाणी सोमवारी बसून शनिवारपर्यंतच्या टिका मारलेल्या मी स्वतः पकडल्यात, म्हणून दादा तुम्ही कागदापेक्षा आठवड्यातनं दोनदा त्याच्यासोबत फेरी मारा, त्याने सांगायचं आणि तुम्ही बघायचं.

दोन गोष्टी राहिल्या. लोडर आर्म, म्हणजे पुढच्या बकेटचा हात, वर उचलून कुणी खाली काम करत असेल, ग्रीस मारायलासुद्धा, तर सेफ्टी स्ट्रट, म्हणजे आर्म खाली येऊ नये म्हणून लावायचा लोखंडी आधार, लावल्याशिवाय नाही. जुन्या मशीनचा स्ट्रट बऱ्याचदा हरवलेला असतो, तुमच्याकडे आहे का बघा. आणि स्टार्टर बिघडला म्हणून खाली उभं राहून पाना टेकवून चालू करायचं तर अजिबात नको, मशीन गिअरमध्ये असली तर उभ्या माणसाच्या अंगावर येते. रिव्हर्स हॉर्नची वायर कुणी तोडलीय का तेही बघा, जुन्या मालकाने आवाजाला कंटाळून तोडलेली असते बऱ्याचदा.

शेतात जाताना वर महावितरणची लाइन कुठून गेलीय ते आदल्या दिवशीच बघून ठेवा. बूम तारेला लागलाच तर खाली उतरायचं नाही, केबिनमध्येच बसायचं, बाकीच्यांना लांब राहायला ओरडून सांगायचं आणि लाइन बंद झाल्याची खात्री झाल्यावरच उतरायचं.

सांगोलेकर_शेतकरी:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री अण्णांचं आणि फिटरदादांचं त्याला वाचून दाखवलं, बोटाचं ऐकून गप्प झाला. आज सकाळी दोघांनी मिळून फेरी मारली, पहिल्यांदाच म्हणून 25 मिनिटं लागली. डिपरच्या (बूमला जोडलेल्या, बकेटकडच्या हाताच्या) पिनचा लॉक बोल्ट अर्धा बाहेर आलेला सापडला, पिन पण बोटभर सरकली होती. रिव्हर्स हॉर्नची वायर ताई म्हणल्या तशी तोडलेलीच होती, ती जोडली. पार्टीला फोन करून सांगितलं दुपारी येतो, थोडा चिडला पण थांबला. स्ट्रट मात्र मशीनवर कुठेच नाहीये. तो कंपनीचाच घ्यावा लागेल का, बाहेर वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला तर चालतो?

फिटर_22वर्षं:
कंपनीचाच घ्या. पूर्ण आर्मचं वजन त्यावर येतं, वेल्डिंगवाल्याला त्याचं माप आणि जाडी माहिती नसते. येईपर्यंत आर्म खाली टेकवूनच ग्रीस मारा, जे निप्पल खाली असताना पोचत नाहीत ते एक दोन दिवस राहू देत.