आग्र्याहून सुटका आणि सोमवारचं टार्गेट

तिरशिंगराव

'महाराजांकडून शिका, यशाचे सात मंत्र' ही पोस्ट काल चौथ्यांदा माझ्यापर्यंत आली आणि डोकं सटकलं. अफझलखान म्हणजे भीतीवर मात. शाहिस्तेखान म्हणजे वेळेचं नियोजन. पुरंदर म्हणजे दोन पावलं मागे, चार पावलं पुढे. आग्रा म्हणजे चौकटीबाहेरचा विचार. (पेटाऱ्यात बसून चौकटीबाहेरचा. असो.) खाली भगवी पार्श्वभूमी, जिरेटोप, आणि 'शेअर करायला विसरू नका'.

मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसातही हाच मसाला घेऊन एक ट्रेनर आले होते. प्रत्येकाला एक कागद दिला. 'तुमच्या आयुष्यातला अफझलखान कोण? रिकाम्या जागी लिहा.' माझ्या शेजारच्याने 'शुगर' लिहिलं. मी हसलो नाही, कारण तो बिचारा मनापासून लिहीत होता.

माझं म्हणणं एवढंच. जून १६६५ मध्ये मोगलांशी झालेल्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले, चार लाख होनांचा (होन म्हणजे सोन्याचं नाणं) मुलूख गेला. हाती उरले बारा किल्ले आणि लाखभर होन. आठ वर्षांच्या संभाजीराजांना मोगलांची मनसब, म्हणजे त्यांच्या दरबारातला हुद्दा, घ्यावी लागली. पुढे १६७० येणार आहे आणि बहुतेक सगळं परत मिळणार आहे, हे त्या दिवशी कोणाला ठाऊक होतं? आपल्याला शेवट माहीत आहे म्हणून 'दोन पावलं मागे' म्हणायची चैन परवडते. तहावर सही झाली त्या रात्री ते नुसतं हरणं होतं.

आणि आग्रा. महाराज निसटले १७ ऑगस्ट १६६६ ला. त्यांची माणसं, त्र्यंबकपंत डबीर आणि रघुनाथपंत कोरडे, मागे राहिली, पकडली गेली, त्यांचे हाल झाले. सात मंत्रांत त्यांचा नंबर कितवा?

सेल्सवाला

तिरशिंगराव, लिहिलंय झकास, पण पोट भरलेल्या माणसाने लिहिलंय.

माझी चार दुकानं होती. २०२० मध्ये तीन गेली. गेली म्हणजे मी स्वतःच्या हाताने किल्ल्या दिल्या. त्या आठवड्यात भावाने अशीच एक पुरंदरची पोस्ट पाठवली, तुमच्या भाषेत भगवी पार्श्वभूमीवाली. मी ती रात्री दोनला वाचली. मग वही काढली आणि 'गेले' आणि 'उरले' असे दोन रकाने पाडले. उरलेल्या बारा किल्ल्यांत राजगड होता, हे तेव्हा मुद्दाम शोधून काढलं. माझ्या 'उरले'मध्ये एक दुकान, दोन जुनी माणसं आणि ज्याचे पैसे मी कधी बुडवले नाहीत असा एक व्यापारी, एवढंच होतं. तोच माझा राजगड.

मला इतिहासाचा पेपर द्यायचा नव्हता. मला सकाळी उठायचं होतं. आता सांगा, कोणाचं काय बिघडलं?

जगदंब_७

सेल्सवाला दादा, +१०००. काही लोकांना महाराजांचं नाव चारचौघांत निघालं की पोटात दुखतं. ट्रेनरवर बोलता बोलता महाराजांनाच 'हरले' म्हणून मोकळे झाले!!

तिरशिंगराव

जगदंब, हरण्याला हरणं म्हटलं की कमीपणा येतो, हे तुम्ही धरून चाललात. मी नाही.

सेल्सवाला, तुमच्या वहीपुढे माझी बोलती बंद, मान्य. पण तुम्ही ट्रेनरचं ऐकलं नाहीत हेही बघा. तो म्हणाला असता 'झेप घ्या'. तुम्ही यादी केलीत.

उंबरठा

पोट भरलेलं की रिकामं, हा विषय निघालाच आहे तर माझं ऐका.

मी ज्या कंपनीत होते तिथले मालक शिवभक्त. केबिनमध्ये मोठा पुतळा, दर सोमवारी घोषणा देऊन मीटिंगची सुरुवात. आम्ही त्यांचे 'मावळे'. रात्री नऊला कोणी घरी निघालं तर 'मावळा गड सोडून चालला?' असं सगळ्यांसमोर. पगार तीन-तीन महिने थकलेला. माझ्या शेजारी बसणारी एक मुलगी, घरभाडं थकलं म्हणून तिने हिंमत करून विचारलं. यांचं उत्तर काय? 'मावळ्यांनी कधी पगार विचारला होता का?' ती गप्प बसली. सगळे बसले. मीही. मला त्याची लाज अजून वाटते.

तेव्हा धडे काढणाऱ्यांना माझा एकच प्रश्न. महाराजांच्या नावाने आजवर जितके धडे ऐकले, ते सगळे खालच्यांनी वरच्यांसाठी काय करावं याचेच का असतात?

मोडीवेडा

उंबरठाताई, पुढच्या वेळी त्या मालकांना सांगा, मावळ्यांना पगार विचारावा लागत नव्हता कारण तो मिळत होता. लष्कराला रोख वेतन नाहीतर वसुलावर वरात, म्हणजे वसुलातून पैसे घ्यायची चिठ्ठी, हा महाराजांचा दंडक. जहागिरी वाटून सरदार पोसायची जुनी पद्धत त्यांनी हट्टाने टाळली. बखरकार सभासद सांगतो की मोहिमेवर जाताना प्रत्येकाच्या मालमत्तेची नोंद व्हायची, परत आल्यावर झडती, आणि जास्तीचं सापडलं तर सरकारजमा. लूट राज्याची, वेतन माणसाचं. त्या काळाच्या मानाने हे फार वेगळं होतं.

घाटमाथा

आणि पावसाळ्यात चार महिने भरपगारी सुट्टी! ती पण मागा ताई 😄

मोडीवेडा

सुट्टी नव्हे हो. छावणी. घोडी, दाणा, वैरण, सगळं सांभाळत आपल्याच मुलखात पावसाळा काढायचा आणि दसऱ्याला बाहेर पडायचं. छावणीत काय काय भानगडी व्हायच्या त्यावर नंतर लिहितो.

घाटमाथा

म्हणजे वर्क फ्रॉम होम.

जगदंब_७

वा! कुठे नेऊन ठेवलीत चर्चा. मावळे पगारासाठी लढत होते म्हणे. बाजीप्रभू खिंडीत उभे राहिले ते काय महिनाअखेर म्हणून? पुरंदर लढवणाऱ्या मुरारबाजींना मोगल सरदार दिलेरखानाने कौल, म्हणजे अभयाचं वचन, देऊ केला होता, त्यांनी थुंकून टाकला. कितीचा हिशोब लावताय त्याचा? अशा लोकांमुळेच पोरांना काही घेण्यासारखं उरलं नाही.

उंबरठा

पगारासाठी लढले असं कोणी म्हटलंय इथे? वाचून लिहा. पगार दिला जात होता असं म्हटलंय. जीव ओवाळणाऱ्या माणसाच्या घरी चूल पेटते की नाही हे ज्याने बघितलं, त्याच्यासाठी माणसं खिंडीत उभी राहिली. माझ्या मालकांना खिंड हवी होती, चूल नको होती.

जगदंब_७

तुमचा मालक चोर होता, त्याचं खापर शिवभक्तांवर कशाला? आम्ही दर वर्षी वर्गणी काढून गडावर जातो, स्वतःच्या पैशाने. टाक्यातला गाळ काढलाय या हातांनी. तुम्ही काय केलंत?

उंबरठा

तीन महिन्यांचा पगार सोडून राजीनामा दिला.

सेल्सवाला

मी दुकानदार म्हणून दुसरी बाजू सांगतो, शिव्या खाईन. माझ्या दोन माणसांना मी २०२० मध्ये चार महिने अर्धाच पगार देऊ शकलो. नंतर फेडला, पण उशिरा. तेव्हा मीही त्यांना म्हणालो होतो, 'आपण सगळे मावळे'. आता वाचताना कसंसंच झालं.

उंबरठा

तुम्ही फेडलात. विषय संपला.

आजोबा_बारामाही

चर्चा छान चालू आहे. महाराजांनी झाडांबद्दल लिहिलेलं पत्र कोणी दिलं नाही याचं आश्चर्य वाटलं. आंबा-फणस तोडू नका, रयतेने ही झाडं लेकरांसारखी वाढवली आहेत, अशा आशयाचं. पर्यावरणाचा एवढा मोठा धडा सोडून तुम्ही पगारावर भांडताय.

मोडीवेडा

आजोबा, ते महाराजांचं पत्र नाही. तो मजकूर आज्ञापत्रातला, म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचा. १७१५ च्या सुमारास, महाराजांना जाऊन पस्तीस वर्षं झाल्यावरचा. धोरण महाराजांच्या काळापासूनचं असेल, पण 'महाराजांचं पत्र' म्हणून फिरवू नये.

आजोबा_बारामाही

बरं. मी ते गेली सहा वर्षं फिरवतोय. झाड लावलेली माणसं मात्र खरी आहेत, ती परत उपटायला सांगू का?

चकमक

मूळ मुद्द्यावर या. धडेच काढायचे तर फेब्रुवारी १६७४ चा काढा ना. आदल्या वर्षी उमराणीला महाराजांचे सरनोबत, म्हणजे सेनापती, प्रतापराव गुजरांनी विजापूरच्या बहलोलखानाला कोंडून सोडून दिला. महाराजांनी कडक शब्दांत लिहिलं, खानाला संपवल्याशिवाय तोंड दाखवू नका अशा अर्थाचं. सरनोबत पेटला आणि नेसरीजवळ मूठभर स्वारांनिशी फौजेवर जाऊन पडला. आज असा ईमेल पाठवणाऱ्या साहेबाला आपण काय म्हणतो? हा मंत्र सातांत का नाही?

जगदंब_७

जीभ सांभाळा. महाराजांना साहेब म्हणताय? कुठून येतात ही माणसं. मुलखाची होरपळ ज्याने डोळ्यांनी पाहिली तो चिडणार नाही तर काय करणार? आणि त्याच महाराजांनी पुढे गुजरांची लेक सून करून घेतली, राजारामांना दिली. ते सांगायला तुमची बोटं दुखतात.

चकमक

सून करून घेतली म्हणजे आतून काहीतरी टोचलं होतं, असंच मला वाटतं. तो मोठेपणा आहेच. मी तेच म्हणतोय, मोठ्या माणसालाही आपला शब्द मागे घेता आला नाही. यात अपमान कुठे?

जगदंब_७

'मला वाटतं'. तुम्हाला वाटण्याचा इतिहास होत नाही.

घाटमाथा

तेवढ्यात जयंती तारखेने की तिथीने तेही मिटवून टाकू या का?

तिरशिंगराव

घाटमाथा, पाया पडतो.

जगदंब, 'वाटण्याचा इतिहास होत नाही' हे मात्र लाखमोलाचं बोललात. हेच त्या ट्रेनरला सांगायला तुम्ही हवे होता.

जगदंब_७

टोमणा कळतो मला.

मोडीवेडा

छावणीचं लिहितो म्हटलं होतं. नेसरी झाली फेब्रुवारी १६७४ मध्ये. राज्याभिषेक ६ जूनला. मधल्या मे महिन्यात, म्हणजे रायगडावर राज्याभिषेकाची लगबग चालू असताना, महाराजांचं एक पत्र चिपळूणकडे छावणीला असलेल्या जुमलेदार-हवालदारांना, म्हणजे लष्करी अंमलदारांना, गेलं आहे. त्यात तलवार नाही, घोषणा नाही. मतलब असा, की पावसाळ्यासाठी जमवलेला दाणा आणि वैरण आत्ताच उधळाल तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. कसेबसे जीव धरून राहिलेले कुणबी गाव सोडतील, आणि त्यांना मोगलांपेक्षा तुम्ही वाईट वाटाल.

पुढचं तर आणखी बारीक. आगट्या (शेकोट्या) भलत्या जागी पेटवू नका, चिलीम ओढताना गवत-वारा बघा, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल. एकदा जळाल्यावर कोणाच्या माना मारल्या तरी काडी मिळणार नाही.

छत्रपती व्हायला महिनाभर राहिलेला माणूस उंदराने वात नेण्याची काळजी करतोय. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागद खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

तिरशिंगराव

हे. हेच मला म्हणायचं होतं आणि जमत नव्हतं. या माणसाला सात मंत्रांत बसवता येत नाही. 'भव्य स्वप्न पाहा' लिहून मोकळं होता येतं, उंदीर कोण लक्षात ठेवणार? मी परवापासून आमच्या गोदामातल्या उघड्या वायरीबद्दल तीनदा मेल केलाय, चौथ्यांदा स्वतः जाऊन उभा राहणार आहे.

सेल्सवाला

थांबा थांबा. म्हणजे तुम्ही महाराजांकडून धडा घेतलात?

तिरशिंगराव

...

सेल्सवाला

आणि तो सोमवारी ऑफिसात वापरणार?

तिरशिंगराव

घेतला. लिहून घ्या हवं तर. पण मी पूर्ण पत्राचा मतलब वाचून घेतला, भगव्या चौकोनातून नाही.

सेल्सवाला

तुम्हाला मोडीवेडा भेटले. मला रात्री दोनला भगवा चौकोनच भेटला होता.

उंबरठा

ते पत्र वरच्याने खालच्यांसाठी काय बघावं याचं आहे, एवढं कोणीतरी नोंदवा. माझा प्रश्न मी मागे घेत नाही, पण एक अपवाद मिळाला. मोडीवेडा, तो आशय मी माझ्या जुन्या मालकांना पाठवू का? पुतळ्याशेजारी लावायला.

मोडीवेडा

पाठवा. खाली १६७४ लिहा, नाहीतर आजोबा फिरवतील.

आजोबा_बारामाही

ऐकतोय मी.

जगदंब_७

पत्र वाचलं. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकलंय. पुढच्या वेळी गडावर मुक्काम असला की चुली नीट विझवायच्या, हे त्यातलं आम्हाला लागू आहे, मागच्या वर्षी थोडक्यात वाचलो होतो. चकमक यांनी 'साहेब' शब्द मागे घ्यावा, ही मागणी कायम आहे.

चकमक

घेतला. बाकीचं वाक्य तसंच ठेवतो.

घाटमाथा

तिरशिंगराव, एक राहिलं. त्या शेजारच्याचा अफझलखान पडला का? शुगर?

तिरशिंगराव

उतरली म्हणतो. त्याच्या मते त्या ट्रेनरच्या सेशनमुळे. वहिनींच्या मते त्यांनी घरात भात बंद केला म्हणून.