मराठीत एक, इंग्रजीत दोन : विशेषणांचे अनुभव लिहा

शाळेत अशा जोड्या पाठ करून घेतात, पण फरक डोक्यात बसतो तो कामाच्या जागी. डिक्शनरीतल्या व्याख्या नकोत, त्या सगळ्यांकडे आहेत. तुमच्या धंद्यात, नोकरीत, घरात कुठल्या जवळजवळच्या इंग्रजी विशेषणांनी अर्थ फिरवला ते सांगा.

सुरुवात मीच करते. बातम्यांचे अनुवाद करते. हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल, दोन्हीला आपल्याकडे 'ऐतिहासिक'. ६ जून १६७४ चा रायगडावरचा राज्याभिषेक हिस्टॉरिक, त्यानं इतिहासाला वळण दिलं. पेशवे दफ्तरातला चाऱ्याचा मोडी हिशेब हिस्टॉरिकल. अभ्यासकाला तो लाखमोलाचा, पण त्यानं कुठे उलथापालथ झाली नाही. नव्या पुलाच्या उद्घाटनाचं पत्रक 'हिस्टॉरिकल' म्हणून येतं तेव्हा फीत कापण्याआधीच पूल जुना झालेला असतो.

सेफ्टी ऑफिसर, लोटे एमआयडीसी

आमच्याकडे जोडी एकच, आणि ती जिवावरची. इनफ्लेमेबल आणि फ्लेमेबल. दिसायला विरुद्ध, अर्थ एकच: पेट घेणारं. नवीन पोरं इंग्रजी शिकून आलेली असतात. इनकम्प्लीट म्हणजे अपुरं, इनव्हिजिबल म्हणजे न दिसणारं, मग इनफ्लेमेबल म्हणजे न पेटणारं, असं त्यांचं सरळ गणित. व्याकरणानं त्यांचं चुकत नाही. लॅटिनमधून आलेला हा 'इन' नकाराचा नाही, 'आत, पेटतं करणं' यातला आहे, हे सॉल्व्हंटच्या बॅरलपाशी कोण सांगणार?

अमेरिकेत आगीपासून बचावाचं काम करणाऱ्यांनी १९२० च्या दशकातच 'फ्लेमेबल' लिहायचा आग्रह धरला. आता केमिकलच्या लेबलवर जगभर तोच शब्द येतो. न पेटणाऱ्याला नॉन-फ्लेमेबल. आपल्या टँकरच्या पाठीवर मात्र 'हायली इनफ्लेमेबल' अजून ठळक रंगवलेलं दिसतं. म्हणून ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी मी पोरांना वर्गात बसवत नाही, थेट बॅरल यार्डात नेतो. लेबलवरचा शब्द हातानं झाकतो, लाल चौकटीतली ज्वाळा दाखवतो आणि विचारतो, इथे वेल्डिंग करशील का? चित्र बघून एकही 'हो' म्हणत नाही.

वरच्यांना उत्तर

दादा, आमच्या पंपावरच्या पाटीवर दोन्ही शब्द आहेत! एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा. गिऱ्हाईक कुठल्या बाजूनं आला त्यावर त्याचं नशीब.

डॉक्टर, मिरज

'ॲक्यूट' आणि 'क्रॉनिक'. लोकांना दोन्हीचा अर्थ 'लई मोठं' असाच वाटतो. ॲक्यूट म्हणजे अचानक उद्भवलेलं, क्रॉनिक म्हणजे दीर्घकाळ रेंगाळणारं. किती गंभीर, हे दोन्ही शब्द सांगत नाहीत. दोन दिवसांची सर्दीही ॲक्यूट, आणि वर्षानुवर्षांची साधी ॲसिडिटी क्रॉनिक.

त्याहून गंमत 'अनरिमार्केबल'ची. सोनोग्राफीच्या रिपोर्टात यकृत अनरिमार्केबल म्हणजे सांगण्यासारखं काही सापडलं नाही, सगळं ठीक. एक काका रिपोर्ट घेऊन तावातावानं आले, "माझ्या लिव्हरात दम नाही असं लिवलंय!" म्हटलं, काका, यापेक्षा चांगलं लिव्हरबद्दल कुणी लिहीत नाही.

वकील, नाशिक

व्हॉइड आणि व्हॉइडेबल. पक्षकार दोन्हीला 'कच्चा करार' म्हणतात, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. १८७२ चा करार कायदा फरक करतो. धाक दाखवून किंवा फसवून सही घेतली तर करार व्हॉइडेबल, म्हणजे फसलेल्याच्या मर्जीवर. त्याला वाटलं तर मोडेल, वाटलं तर चालू ठेवेल. समोरच्याला ती मुभा नाही. व्हॉइड करार मात्र कायद्याच्या लेखी नाहीच.

कोलकात्याचं एक जुनं प्रकरण प्रत्येक विद्यार्थी शिकतो. धर्मोदास घोष नावाच्या अज्ञान मुलानं (कायद्यात अज्ञान म्हणजे वयानं लहान, अडाणी नव्हे) मालमत्ता गहाण टाकली. सावकाराचं म्हणणं, करार व्हॉइडेबल आहे, मोडायचा तर आधी माझे पैसे परत द्या. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं (ब्रिटिश काळातलं लंडनचं सर्वांत वरचं अपील न्यायालय) ठरवलं की अज्ञानाचा करार मुळातच व्हॉइड. गहाणखत गेलं आणि पैसेही परत मिळाले नाहीत. एका 'एबल'ची किंमत! माझ्याकडे जमिनीचा कागद घेऊन येणाऱ्याला मी आधी सही करणाऱ्याचा जन्मदाखला विचारतो. दर वेळी समोरच्याचा चेहरा पडतो, 'वकीलसाहेब विषय सोडून बोलतायत' म्हणून.

ठाण्यातलं कपड्याचं दुकान

स्लिम आणि स्किनी. जीन्सच्या पट्टीवर दोन्ही फॅशनेबल. पण माणसाला स्लिम म्हटलं तर सडपातळ, कौतुक. स्किनी म्हटलं तर काडीपैलवान. पोरं 'स्किनी द्या' म्हणून हौसेनं मागतात, आणि मागे उभी आई म्हणते, "आधीच हाडं दिसतायत, स्लिमच दे रे."

न्यू जर्सी

इकडे वाढलेल्या माझ्या भाचीचं स्थळ बघत होतो. पुण्याहून ताईंनी बायोडेटा लिहून पाठवला, त्यात 'होमली'. आपल्याकडच्या विवाहाच्या जाहिरातींत तो घरगुती, घर सांभाळणारी अशा अर्थानं सर्रास चालतो. अमेरिकेत माणसाला होमली म्हटलं की दिसायला यथातथाच. भाचीनं वाचलं आणि फोन लावून ताईंनाच विचारलं, "मावशी, तुला मी एवढी वाईट दिसते?" आता तिथे 'फॅमिली-ओरिएंटेड' आहे. ताईंना तो शब्द अजिबात पटलेला नाही, ऑफिसातल्या मीटिंगसारखा वाटतो म्हणतात.