मराठी विकिपीडियावरचे मेलेले दुवे: काढायचे की ठेवायचे?

कोयनाकाठ
सातारा जिल्ह्यातल्या गावांच्या लेखांवर सध्या हात फिरवतोय. संदर्भांतले निम्मे दुवे उघडतच नाहीत. कुठे ४०४ (पान सापडत नाही), कुठे थेट वृत्तपत्राचं मुखपृष्ठ. एका सदस्याने असे संदर्भ सरसकट उडवायचा सपाटा लावलाय. मला ते पटत नाही, पण मेलेले दुवे तसेच ठेवणंही बरं दिसत नाही. तुम्ही काय करता?

पानसुपारी
उडवू नका हो! दुवा मेला म्हणून बातमी खोटी ठरत नाही. वृत्तपत्राचं नाव, तारीख, मथळा शाबूत असेल तर कुणीही ग्रंथालयात जाऊन अंक काढून बघू शकतो. त्या सदस्याला चर्चा पानावर गोडीत सांगा, नाहीच ऐकलं तर चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक चर्चा पानावर, मांडा. दुव्यामागे 'मृत दुवा' साचा (तयार खुणेचा मजकूर) लावा, महिना-वर्ष टाका. पण घाई नको. सरकारी सर्व्हर अधूनमधून झोपतात, चार दिवसांनी पुन्हा उघडून बघा. दुवे तपासणारा सांगकाम्याही (बॉट) एकदा उघडलं नाही म्हणून लगेच मृत ठरवत नाही.

संदर्भशोध्या
साचा ही शेवटची पायरी. आधी नवा पत्ता शोधा. जिल्ह्यांची संकेतस्थळं 'एनआयसी डॉट इन'वरून 'गव्ह डॉट इन'वर गेली, तिकडे पान सापडू शकतं. नाही तर वेबॅक मशीन, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारं संकेतस्थळ. तिथल्या पत्त्यात १४ आकडे असतात: वर्ष, महिना, दिवस, मग तास-मिनिट-सेकंद. संदर्भात पान पाहिल्याची जी तारीख आहे तिच्या जवळची प्रत घ्या, सगळ्यात नवी नको. नवी प्रत म्हणजे कित्येकदा त्या ४०४चीच प्रत! प्रत उघडून आपली माहिती तिच्यात खरंच आहे का ते वाचा, मगच संदर्भ साच्यात जतन पत्ता आणि जतन तारीख भरा. मूळ पत्ता पुसू नका.

कोयनाकाठ
२००३ची एक बातमी मिळाली, पण नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. प्रत खराब आहे का?

पानसुपारी
प्रत ठणठणीत असणार. युनिकोड (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरपद्धत) रुळण्याआधी बऱ्याच मराठी वृत्तपत्रांचे फॉन्ट आपापले असत, तो फॉन्ट नसला की असंच दिसतं. पानाच्या सोर्समध्ये फॉन्टचं नाव बघा आणि मजकूर त्या फॉन्टच्या कन्व्हर्टरमधून काढा.

संदर्भशोध्या
आणि गॅझेटिअरच्या (इंग्रजांच्या काळातल्या जिल्हा माहितीग्रंथाच्या) दुव्यांमागे फार लागू नका. सातारा म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १९वा खंड, १८८५. खंड आणि पान क्रमांक दिला की दुवा असला काय, नसला काय.

कोयनाकाठ
लय भारी. अजून एक: एका संस्थेच्या जुन्या पत्त्यावर आता ऑनलाइन जुगार उघडतो. तिथेही मृत दुवा?

पानसुपारी
छे, तिथे मूळ पत्ता वाचकाला टिचकी मारायला मिळताच कामा नये. जतन प्रत जोडा आणि संदर्भ साच्यात दुव्याच्या स्थितीपुढे 'युसर्प्ड' (usurped, म्हणजे दुसऱ्याने बळकावलेला) लिहा, मग फक्त जतन प्रतीचाच दुवा दिसतो. तो पत्ता 'बाह्य दुवे' विभागात असेल तर मात्र बिनधास्त काढा, तिथे तो कशाचाच पुरावा नसतो.