तपकिरी पाण्याचा फोटो आणि रेफरल कोड (घोडबंदर रोडवरच्या सोसायटीचा ग्रुप)

सी-२०४, अ‍ॅडमिन: ए-६०४च्या वहिनींची प्युरिफायरची पोस्ट सगळ्यांनी पाहिली असेल. नळाच्या पाण्याच्या ग्लासात तपकिरी गाळ, आरओचा (पाण्यातले क्षार गाळणाऱ्या प्युरिफायरचा) ग्लास स्वच्छ, ‘नळाचं पाणी घाण’ असा दावा, कंपनीचं नाव, शेवटी रेफरल कोड. ती काढा म्हणून तिघांचे मेसेज आलेत. त्याच कंपनीच्या सर्व्हिसबद्दल बी-३०१ची तक्रार आहे, तीही काढा असं विक्रेत्याचं म्हणणं. दोन्ही काढू का?

ए-११०१, वकील: एकही काढू नका. वहिनींनी फक्त एक ओळ जोडावी, कोडमधून त्यांना काय मिळतं याची.

ए-६०४: ताई, पैसे नाही मिळत हो. कोणी कोड वापरला तर आमच्या पुढच्या एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) सूट मिळते, एवढंच.

ए-११०१, वकील: वहिनी, सूट हासुद्धा लाभच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३मध्ये मार्गदर्शिका काढली, त्यात पैशांबरोबर सूट, भेटवस्तू, फुकट माल, सहल, इतकंच काय नातं आणि नोकरीही धरली आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. तो बडगा शेजाऱ्यांवर उगारायचा नाहीये. पण ज्याच्या शब्दावर आपण पैसे खर्च करतो, त्याचा त्यात काय फायदा आहे हे कळायलाच हवं. शेजाऱ्यावर तर जाहिरातीतल्या नटापेक्षा जास्त विश्वास असतो.

बी-७०३, जाहिरात क्षेत्र: ओळ कुठे टाकता हेही महत्त्वाचं. लांब मेसेज ‘पुढे वाचा’पाशी तुटतो, म्हणून ती सगळ्यात वर हवी. वेगळा मेसेज नको, कारण फोटो फॉरवर्ड करताना तो मागेच राहतो. फोटोच्या कॅप्शनमध्येच लिहा. आणि ‘पार्टनर’, ‘कोलॅब’ असले शब्द नकोत. सरळ मराठीत: ‘या कोडवर मला एएमसीत सूट मिळते.’

डी-५०२, पाणी तपासणी: त्या फोटोबद्दल मला सांगायचंय. गाळ पाण्यात आधीपासून नव्हता. विक्रेता डेमोत जे विजेचं यंत्र पाण्यात बुडवतो, त्यात लोखंडाच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्या असतात. नळाच्या पाण्यात क्षार असल्यामुळे वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचं हायड्रॉक्साइड तपकिरी-हिरवट दिसतं. आरओच्या पाण्यात क्षार फार कमी, वीज जेमतेम वाहते, म्हणून ते स्वच्छ राहतं. पुढच्या वेळी त्यांना आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून तेच करून दाखवायला सांगा, तोही तपकिरी होईल. यंत्र चालू असताना पाण्याला हात लावू नका. खरं तपासायचं तर नळाचं आणि टँकरचं पाणी वेगवेगळं मोजा. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांची) स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २०००. टीडीएस मीटर जंतू मात्र दाखवत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच.

सी-२०४, अ‍ॅडमिन: मग दावाच चुकीचा असेल तर ठेवायचा कशाला? आणि उद्या कोणी कोर्टात गेलं तर अ‍ॅडमिन म्हणून मलाच धरतील ना?

ए-११०१, वकील: ठेवायचा, कारण खाली डी-५०२चं उत्तर आहे. पोस्ट काढली तर उत्तर कशाला दिलंय तेच कळणार नाही, आणि वहिनी तोच फोटो दुसऱ्या ग्रुपवर टाकतील. टाटा प्रेस प्रकरणात १९९५ला सर्वोच्च न्यायालयाने जाहिरातीलाही राज्यघटनेच्या कलम १९(१)(क)चं, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं, संरक्षण दिलं, फसव्या जाहिरातीला मात्र नाही. तो हक्क सरकारविरुद्धचा, आपला ग्रुप खासगी; नियम आपण करू शकतो, फक्त सगळ्यांना सारखे. तुमच्या जबाबदारीचं म्हणाल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये म्हटलंय की समान हेतू दिसल्याशिवाय सदस्याच्या मेसेजसाठी केवळ अ‍ॅडमिन म्हणून कोणी दोषी ठरत नाही.

बी-७०३, जाहिरात क्षेत्र: बी-३०१च्या तक्रारीत ‘चोर आहेत’ हे वाक्य तेवढं बदला. मॉडेल, बिलाची तारीख, कॉल कधी नोंदवला, माणूस कधी आला, एवढं लिहा. विक्रेत्याला उत्तर द्यायचं असेल तर तेही त्याच तक्रारीखाली टाका. आणि एक अवघड गोष्ट. गेल्या गणेशोत्सवात गेटवर याच विक्रेत्याचा बॅनर होता, वर्गणीही त्याच्याकडून आली. म्हणजे कमिटीलाही लाभ आहे. ही तक्रार कमिटीने काढली असती तर ते सगळ्यात वाईट झालं असतं.

सी-२०४, अ‍ॅडमिन: बरोबर आहे. प्रायोजकांची नावं आणि रकमा आज रात्री इथे टाकतो. प्रायोजकाविरुद्धची पोस्ट कमिटी काढणार नाही, हा नियम पिन करतोय.

ए-६०४: मी पोस्ट दुरुस्त केली, ओळ वर घातलीय. डी-५०२ दादा, आमच्या नळाचा नमुना कुठल्या बाटलीत आणू?

डी-५०२, पाणी तपासणी: जंतूंसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्या, घरची धुतलेली चालत नाही. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या, बाटलीच्या तोंडाला आतून बोट लावू नका, आणि नमुना थंड ठेवून त्याच दिवशी पोचवा.