'रॅम्बंक्शस' मुलाला मराठीत काय म्हणावे?

अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या पाच वर्षांच्या भाच्याच्या प्रगतिपुस्तकात शिक्षिकेने तो 'रॅम्बंक्शस' असल्याचे लिहिले आहे. आईला अर्थ सांगताना माझ्या तोंडून 'दंगेखोर' हा शब्द गेला आणि ती दुखावली. दंगेखोर म्हणजे दगडफेक करणारे, एवढ्याशा पोराला असे कोण म्हणते, हा तिचा प्रश्न मला पटला. आरडाओरडा, धावपळ आणि आवरता न येणारा उत्साह हे सारे एका शब्दात यावे, आणि त्यात तक्रारीइतकेच कौतुकही असावे. असा मराठी शब्द कोणता?

प्रतिसाद : 'मस्तीखोर' म्हणावे. घराघरांत हाच शब्द चालतो.

प्रतिसाद : 'मस्ती' फारसी आणि 'खोर'ही फारसी. आपला 'अवखळ' असताना तिकडे का जावे? अवखळ झरा असतो, वारा असतो आणि मूलही असते. इंग्रजीतील 'बॉइस्टरस'नेही, म्हणजे दंगामस्ती करणाऱ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दानेही, असाच प्रवास केला आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये पाण्यावरून चालणारा पेत्र ज्या वाऱ्याला भितो, त्या वाऱ्याला हेच विशेषण आहे.

प्रतिसाद : फारसी म्हणून शब्द काढायचे ठरवले, तर 'खूप' आणि 'जमीन' हे शब्दही सोडावे लागतील. शिवाय 'अवखळ'मध्ये चपळाई आहे, गोंगाट नाही.

मूळ शब्दाकडे पाहू. 'रॅम्बंक्शस' हा अमेरिकेत १८३० च्या सुमारास रूढ झालेला शब्द असून, तो ब्रिटिश 'रम्बस्टिअस'वरून आणि तो सोळाव्या शतकातील 'रोबस्टिअस'वरून आला असावा, असे मानले जाते. 'रोबस्टिअस'च्या मुळाशी 'रोबस्ट', म्हणजे बळकट, हा शब्द आहे आणि त्याच्याही मागे लॅटिन 'रोबुर', म्हणजे ओक वृक्ष व त्याचे टणक लाकूड. लाकडाचा टणकपणा, त्यावरून अंगातली ताकद आणि ताकदीवरून धुडगूस, असा हा अर्थाचा प्रवास आहे. आता आपला 'दांडगा' पाहा. 'दांडगा अनुभव' म्हणताना तो भक्कमपणा सांगतो, 'दांडगा पोरगा' म्हणताना धुडगूस सांगतो, आणि त्याचे मूळ 'दंड', म्हणजे काठी, असावे असे माझे मत आहे. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता लाकडातूनच हा अर्थ काढला, याचा मला फार आनंद होतो.

प्रतिसाद : आमच्या साताऱ्याकडे अशा पोराला 'वांड' म्हणतात. 'लई वांड हाय' असे म्हणताना आजोबांच्या चेहऱ्यावर हसू असायचे, ते 'दांडगा'मध्ये मला ऐकू येत नाही.

प्रतिसाद : 'धसमुसळा' कसा विसरलात? त्यातही मुसळ, म्हणजे लाकूडच आहे.

प्रतिसाद : 'धसमुसळा' हातापायांचा असतो, गळ्याचा नसतो. माझी बहीण एक शब्द न बोलता पाण्याचा तांब्या लवंडायची, दाराची कडी ओढताना ती उपटून हातात यायची, आणि काकू तिला धसमुसळी म्हणायची. आवाज व्हायचा तो भांड्यांचा.

प्रतिसाद : बहिणीचा उल्लेख आला म्हणून विचारते. 'दांडगा' मुलाबद्दल कौतुकानेही बोलले जाते, पण 'दांडगी' हा शब्द मी लहानपणी केवळ बोलणी खातानाच ऐकला आहे. तुमच्याकडे मुलीला कौतुकाने 'दांडगी' म्हणत असत का?